मधल्या दोन रात्री

मुलाने परदेशातून पाठविलेल्या प्रवासाच्या तक्त्यात बारीकसारीक सारे काही होते. सोमवारी मुंबईहून जहाज, मग गोवा, पुन्हा समुद्र आणि शुक्रवारी सकाळी मुंबईच्या धक्क्यावर परत. पुढे सोमवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी विमान आणि त्यानंतर सहा महिने मुलाकडे मुक्काम. जहाज आणि विमान यांच्या मधल्या रकान्यात मात्र त्याने एकच ओळ लिहिली होती : ‘विमानतळाजवळ हॉटेल, टॅक्सीचे मी बघतो, आराम.’

सांगलीत चाळीस वर्षे हळदीचा व्यापार करून आता पेढी धाकट्या भावाकडे सोपविलेल्या काकांना तो तक्ता पसंत पडला. काकूंनी तो दोनदा वाचला आणि त्या एवढेच म्हणाल्या, “तीन दिवस खिडकीतून विमाने बघत बसायची. त्यापेक्षा डोंबिवलीला ताईकडे जाऊन आले असते.”

ताई म्हणजे काकूंच्या थोरल्या भगिनी. आई लवकर गेल्यामुळे काकूंची वेणीफणी, शाळा, पुढे लग्नातली पाठवणीसुद्धा त्यांनीच केलेली. वय ८१. गेल्या पावसाळ्यात घरातच पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून त्यांचे अंथरूण सुटलेले नाही. ‘सहा महिन्यांनी परत आल्यावर भेटूच’ असे म्हणणे सोपे होते. पण घरात ते वाक्य कोणीही उच्चारले नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी मुलाला कळविले, हॉटेल नको, मधल्या दिवसांचे आम्ही पाहतो.

अडचण होती ती मोटारीची. काकूंना गाडी लागते, आणि साधीसुधी लागत नाही. सांगलीहून कोल्हापूरला लग्नाला जायचे तरी आदल्या रात्रीपासून पोटात काही घ्यायचे नाही, हातात लिंबू, आणि पोहोचल्यावर अर्धा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे. आगगाडीत मात्र त्यांना काही होत नाही. रिक्षाही चालते, ती चहूबाजूंनी उघडी असते म्हणून असेल. बॅलार्ड पिअरहून डोंबिवली, डोंबिवलीहून विमानतळ असे मोटारीचे फेरे केले असते, तर ताईंच्या घरी काकू पोहोचल्या असत्या त्या केवळ पडून राहण्यासाठी. शिवाय मुंबई–ठाण्याच्या रस्त्यावर मोटार किती वाजता कोठे असेल, हे मोटार चालविणाराही सांगू शकत नाही. वायद्याचा माल ज्यांनी आयुष्यभर वेळेवर पोहोचविला, त्यांना असली अनिश्चितता मानवत नाही. मोटार न घेता हे तीन दिवस कसे काढायचे, याचा हिशेब घेऊन काका बसले.

त्यांनी तो शेवटाकडून मांडला. विमान सोमवारच्या तारखेचे असले तरी घर सोडायचे रविवारी संध्याकाळी, ही पहिली नोंद. मध्यरात्रीनंतरच्या विमानांच्या तिकिटांवरील तारीख पाहून एक दिवस उशिरा विमानतळावर गेलेली माणसे व्यापारी कुटुंबांत काही कमी नाहीत. दुसरी नोंद विमानतळ कोणता, याची. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली आहेत आणि ठाण्या–डोंबिवलीच्या माणसाने आता तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट वाचूनच निघायला हवे. काकांच्या तिकिटावर मुंबईचे टर्मिनल दोन होते. तिसरी नोंद सूर्यास्ताची. काकूंचा चोविहार तीस वर्षांत मोडलेला नाही. जानेवारीत ठाण्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे रविवारचे शेवटचे जेवण साडेपाचला, घरच्या पानावर, आणि मगच स्टेशनचा रस्ता. विमानातल्या जेवणाचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मार्गाचा शोध घेताना त्यांना एक गंमत आढळली. जहाजातून उतरून थेट विमानतळावर जायचे असते, तर आता ते अगदीच सोपे झाले होते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाली. तिचे एक स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आहे आणि दुसरे टर्मिनल दोनपाशी. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. पण काकूंना जायचे होते ते विरुद्ध दिशेला, ३४ किलोमीटरवरील ठाण्याला आणि त्याहीपुढे डोंबिवलीला. तेथून विमानतळासाठी मध्य रेल्वेने घाटकोपर, घाटकोपरहून वर्सोव्याची मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो आणि तिचे एकच स्थानक, अशी तीन वाहने. तीनदा चढणे, तीनदा उतरणे.

मोठ्या दोन बॅगा घेऊन हे होणार कसे? यावर काकांनी काढलेला तोडगा पेढीवरच्या माणसालाच सुचावा असा होता. सांगलीहून मुंबईला ते नेहमीप्रमाणे महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणार होते आणि ती गाडी पहाटे कल्याणला थांबते. ताईंच्या मुलाने कल्याणच्या फलाटावर डब्यासमोर उभे राहायचे, परदेशाच्या दोन्ही बॅगा उतरवून घ्यायच्या आणि डोंबिवलीला न्यायच्या. जहाजावर फक्त दोन हातपिशव्या. अशा रीतीने, पाहुणे पोहोचण्याच्या पाच दिवस आधी त्यांचे सामान पोहोचले. भाचा थोडा चकित झाला, पण तो वेळेवर हजर राहिला.

मुक्काम ताईंकडे करायचा नाही, हे काकांनी आधीच ठरविले होते. जुन्या इमारतीतील दोन खोल्या, त्यांत भाच्याचा चौघांचा संसार, एका खोलीत ताईंची खाट. तेथे आणखी दोघांनी पथारी पसरणे म्हणजे सुनेवर भार. म्हणून ठाणे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक साधे हॉटेल त्यांनी पाहिले आणि तेथे फोन करून चारच प्रश्न विचारले : लिफ्ट आहे का, खोलीत पाणी उकळण्याची किटली आहे का, सकाळी दहाला आल्यास सामान ठेवून घ्याल का, आणि खिडकी उघडते का. चौथ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस हसला. पण काकूंसाठी तोच प्रश्न पहिला होता.

भाच्याचा लोकललाच विरोध होता आणि तो निष्कारण नव्हता. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून माणसे गेली, ती त्याच्या रोजच्या वाटेवर. “काका, तुम्हांला आमची गर्दी माहीत नाही. मावशींना घेऊन लोकल? मी गाडी पाठवितो.” काकांनी त्याला वेळा वाचून दाखविल्या. शुक्रवारी सकाळी साडेनऊला सारी डोंबिवली मुंबईकडे चाललेली असेल, तेव्हा हे दोघे मुंबईहून ठाण्याकडे निघणार. शनिवारी डोंबिवलीला जायचे ते दहानंतर. रविवारी संध्याकाळी मुंबईच्या दिशेने. ज्या दिशेला सारे लोक जातात तिच्या उलट आपण जायचे, एवढेच यातले सूत्र. भाचा काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “वीस वर्षे जातोय, पण उलट दिशेची गाडी आतून कशी असते ते मी पाहिलेले नाही.”

भाच्याला सुट्टी रविवारी, म्हणून ताईंची भेट रविवारी ठेवावी असे त्याचे म्हणणे होते. ते काकांनी मानले नाही. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो आणि चारच्या पुढेपर्यंत चालतो. विमानाच्या दिवशी ती जोखीम नको. ताईंसाठी शनिवार, अकरा ते चार. राहता राहिली एक गोष्ट. ताईंचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि काकूंचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. तिचीही तजवीज काकांनी फोनवरून केली. काय केली ते काकूंना शनिवारपर्यंत समजले नाही.

येथपर्यंतचा सारा हिशेब कागदावरचा.

काकूंना समुद्र लागेल ही सर्वांची धास्ती खोटी ठरली. त्या डेकवर खुर्ची टाकून चार दिवस मजेत होत्या. जहाजावर जैन भोजन होते आणि सूर्यास्तापूर्वी ताट मिळेल अशी व्यवस्था काकांनी आरक्षण करतानाच लिहून घेतली होती. मुंबईहून गोव्याकडे अशा सहलींची जहाजे जाऊ लागल्यावर त्यांवर व्यापारी घराण्यांतली कुटुंबे मोठ्या संख्येने दिसू लागली आहेत. त्यामुळे स्वयंपाकघराला हा प्रश्न नवा नव्हता.

शुक्रवारी सकाळी बॅलार्ड पिअरला उतरताना काकांना वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. इंग्रजांच्या काळात याच धक्क्याला लागून एक रेल्वे स्थानक होते, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेची टपालबोट लागली की साहेब बोटीतून उतरून सरळ आगगाडीत बसे आणि पेशावरपर्यंत जाई. आजच्या पंजाब मेलची सुरुवात तेथलीच. शंभर वर्षांपूर्वी जी सोय होती ती आता नाही. टर्मिनल नवे आणि देखणे आहे, पण आगगाडी गाठायला दीडेक किलोमीटर जावे लागते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या चारही काचा खाली करून, काकूंनी नाकाला लिंबू लावून, ती दहा मिनिटे पार पडली. नियमाला एवढाच अपवाद.

पुढे मात्र काकांचे गणित तंतोतंत जुळले. फलाटावर येणाऱ्या प्रत्येक लोकलमधून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता आणि तीच गाडी रिकामी होऊन कल्याणकडे निघत होती. दोघांना खिडकीजवळ समोरासमोर जागा मिळाली. १६ एप्रिल १८५३ रोजी हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून निघाली ती याच मार्गाने ठाण्याला गेली, हे काकांनी काकूंना सांगितले. काकूंनी डोळे मिटलेले होते.

ठाण्याच्या फलाटावर उतरल्यावर त्यांनी काकांचा हात घट्ट धरला. “जमीन हलतेय.”

चार दिवस जहाजावर राहिलेल्या माणसाला जमिनीवर आल्यावर असे वाटते. शरीर लाटांना सरावलेले असते आणि ती सवय सुटायला वेळ लागतो. बहुतेकांचे एक-दोन दिवसांत थांबते. काकांच्या कागदावर याची नोंद नव्हती. पण सुदैवाने शुक्रवार त्यांनी मोकळा ठेवला होता, तो निव्वळ जहाज उशिरा येईल या भीतीने. काकूंना त्याच पावली डोंबिवलीला जायचे होते. पाच स्थानके पुढे ताई असताना येथे कशासाठी उतरायचे, हे त्यांना पटत नव्हते. आता त्या काही बोलल्या नाहीत.

दुपारी बरे वाटल्यावर दोघे टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात गेले. ठाण्याचे हे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते आणि श्रीपाळ राजाच्या चरित्रातील प्रसंग तेथे साकारलेले आहेत. आयंबिलाच्या ओळीत वर्षातून दोनदा ऐकलेली ही कथा काकूंना तोंडपाठ. धवल शेठाने लोभापायी श्रीपाळाला जहाजावरून समुद्रात लोटले. नवपदाच्या स्मरणाने तो तरला आणि कोकणच्या किनाऱ्यावर ठाण्याला लागला. चाफ्याच्या झाडाखाली तो झोपलेला असताना येथल्या राजाची माणसे त्याला शोधत आली. जहाज, समुद्र आणि नंतर ठाणे. काकू त्या प्रसंगासमोर बराच वेळ बसल्या आणि उठताना म्हणाल्या, “झाडाखाली झोपला ते बरोबर केले. त्यालाही जमीन हलल्यासारखी वाटत असेल.”

संध्याकाळचे जेवण पाच वाजता झाले. मग मासुंदा तलावाच्या काठी बाकावर बसून त्यांनी सूर्य मावळू दिला. परक्या शहरात आणखी काही पाहायचे त्यांनी ठरविलेच नव्हते आणि त्याची उणीवही भासली नाही.

शनिवारी जमीन स्थिर होती. धीम्या लोकलने कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर करीत दोघे डोंबिवलीला उतरले. मुंब्र्याजवळ एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी लागते. त्या पट्ट्यात काकांनी खिडकीबाहेर पाहणे टाळले.

ताईंच्या इमारतीच्या जिन्यात पहिल्या वळणावर एक खुर्ची ठेवलेली होती. दुसऱ्या वळणावर एक. अशा एकूण पाच. प्रत्येक मजल्यावरच्या बिऱ्हाडाने आपापल्या घरातली खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. भाच्याने त्यांना सांगितले होते आणि भाच्याला काकांनी. काकू प्रत्येक खुर्चीवर बसत, दम घेत वर गेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वृद्ध बाईंनी विचारले, “तुम्हीच का सांगलीच्या? ताईंनी सकाळपासून चारदा विचारले, खुर्ची ठेवली का म्हणून.”

खोलीत काय बोलणे झाले ते काकांनी ऐकले नाही. ते बाहेर भाच्याशी दुकानाच्या भाड्याविषयी बोलत बसले. मध्ये एकदा आत डोकावले, तेव्हा काकू ताईंचे केस विंचरीत होत्या. तिसऱ्यांदा डोकावले तेव्हा चार वाजून गेले होते. साडेपाचला सुनेने दोन ताटे खाटेजवळ आणून ठेवली. सूर्यास्ताच्या आत दोघी बहिणी जेवल्या, ताई चार घास, काकू थोडे अधिक. पच्चक्खाण घेऊन झाल्यावर काकू बाहेर आल्या आणि त्यांनी सांगितले, “मी आज इथेच राहते. खाटेखाली अंथरूण घालीन.”

दोन माणसांचे हॉटेलचे पैसे आगाऊ भरलेले होते. उद्या रविवार, मेगाब्लॉक. किटली ठाण्यात, गोळ्या ठाण्यात. हे सारे एका क्षणात काकांच्या चेहऱ्यावर येऊन गेले असावे, कारण सून म्हणाली, “काका, पाणी मी उकळून देते.” सुनेवर भार नको, म्हणून त्यांनी ठाण्याला खोली घेतली होती. आता तीच सून कपाटातून चादर काढीत होती. काका म्हणाले, “बरे.” भेटीला त्यांनी पाच तास नेमून दिले होते, जसे ते वसुलीला आलेल्या माणसाला देत. ही चूक मोठी होती आणि ती त्यांनी वाद न घालता सोडून दिली.

सातच्या गाडीने ते एकटे ठाण्याला परतले. समोरून येणाऱ्या लोकल दारापर्यंत भरलेल्या होत्या. रात्री त्यांनी कागद पुन्हा मांडला. ब्लॉक सुरू होण्यापूर्वी, दहाच्या आत, सारे सामान घेऊन डोंबिवली गाठायची. ब्लॉक संपल्यानंतर, जेवण करून, सहाच्या सुमारास तेथूनच घाटकोपरकडे निघायचे. ठाण्याला पुन्हा उतरण्याचे कारण उरत नव्हते. मूळच्या योजनेपेक्षा ही अधिक सुटसुटीत होती, हे त्यांना मान्य करावे लागले.

रविवारी निघताना ताईंनी कपाटातून एक गोधडी काढायला लावली. दोघींच्या आईच्या लुगड्यांची, ताईंनी चौदाव्या वर्षी शिवलेली. नातवासाठी. विमानाला बॅगेमागे २३ किलोंची मर्यादा. काकांनी दोन्ही बॅगा २१ किलोंवर थांबविल्या होत्या, घटतुटीसाठी माणसाने नेहमी थोडे हाताशी ठेवावे म्हणून. गोधडी बॅगेत सहज बसली असती. काकू म्हणाल्या, “नको, मी हातात घेते.”

भाचा घाटकोपरपर्यंत बॅगा घेऊन आला आणि मेट्रोच्या तपासणीपाशी पाया पडून परत गेला. तपासणीच्या पट्ट्यावर बॅगा गेल्या, पिशव्या गेल्या. गणवेशातल्या मुलीने गोधडीकडे बोट दाखविले. काकूंनी ती पट्ट्यावर ठेवली, पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर येताच उचलून घेतली. मरोळ नाक्याला सरकत्या जिन्यांनी खाली, मग एक स्थानक. भुयारातून वर आल्यावरही टर्मिनलपर्यंत काही अंतर जावेच लागते. ढकलगाडीवर बॅगा चढवून दोघे सावकाश निघाले. रात्रीचे नऊ वाजले नव्हते. विमानाला अजून साडेपाच तासांहून अधिक अवकाश होता, आणि काकांना तो अवकाश फार आवडला.

आत शिरण्यापूर्वी काकूंनी डोंबिवलीला फोन लावला. सुनेने तो ताईंच्या कानाशी धरला. पलीकडून आधी काही ऐकू आले नाही, मग ताईंचा आवाज आला, साठ वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीहून परतल्यावर विचारीत तसा, “गाडी लागली नाही ना गं?”

“आज गाडीत बसलेच नाही, ताई,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी गोधडी दुसऱ्या हातात घेतली.